गडमुडशिंगीचा पाऊस कोणत्या चौकोनात मोजायचा?

पावसाळा संपला की एक आकडा सगळीकडे छापून येतो. २०२५ च्या हंगामात देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. हवामान विभागाचा मे महिन्यातला अंदाज १०६ टक्क्यांचा होता. म्हणजे अंदाज चांगलाच जुळला, असे म्हणायला हरकत नाही. पण कोल्हापूरच्या पूर्वेला, विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगीतल्या ऊस उत्पादकाला या आकड्यातून काय कळते? त्याच्या शिवारात किती पाऊस पडला, कोणत्या आठवड्यात पडला, मध्ये किती दिवसांचा खंड पडला, हे त्यातून कळत नाही. ते सांगण्यासाठी तो आकडा तयारच केलेला नाही.

आज पावसाचे आणि वाऱ्याचे आकडे देणारे डझनावारी माहितीसंच उपलब्ध आहेत. काही जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवर आधारलेले, काही उपग्रहांवर, तर काही संगणकाच्या प्रारूपांवर. पीकविम्यापासून पूरनियंत्रणापर्यंत आणि हवामानबदलाच्या दाव्यांपासून डेंग्यूच्या पूर्वसूचनेपर्यंत सगळे निर्णय यांतल्या कुठल्या ना कुठल्या संचावर उभे असतात. हे संच एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत आणि कशासाठी कोणता वापरावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

शंभर किलोमीटरमध्ये तीन हवामाने

माहितीसंचांची परीक्षा घ्यायची तर कोल्हापूर जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात तो हजार मिलिमीटरच्या आसपास येतो. आणखी पूर्वेला, शिरोळ तालुक्यात, तो पाचशेच्या घरात उतरतो. साधारण शंभर किलोमीटरच्या अंतरात पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो. गडमुडशिंगी या उताराच्या मध्याच्या थोडे पूर्वेला, पर्जन्यछायेच्या उंबरठ्यावर आहे.

याचे कारण शाळेच्या भूगोलात शिकवलेले असते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाणी सोडून देतात. डोंगर ओलांडून खाली उतरताना हवा तापते, कोरडी होते आणि पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. नियम सोपा आहे. पण तो आकड्यांत पकडायचा तर डोंगर नेमका कुठे आहे, किती उंच आहे आणि वारा त्याला कोणत्या कोनातून धडकतो, हे संचाला ठाऊक असावे लागते. तिथेच बहुतेक संच अडखळतात.

आणि ही अडखळ महाग पडते. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी आणि धामणी या नद्यांचे पाणी एकत्र होऊन पंचगंगा होते. शहरात पूर येतो तो बहुतांशी घाटमाथ्यावरच्या पावसाने. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. पूर्वेकडच्या गावांत जेमतेम पाऊस असताना नदी पात्राबाहेर येते, ही इथली नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे गावातला पाऊस किती, यापेक्षा गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगरात किती, हा आकडा गावाच्या सुरक्षिततेसाठी जास्त मोलाचा ठरतो.

एक मापक, सातशे चौरस किलोमीटर

पावसाची सर्वांत विश्वासाची नोंद आजही साध्या पर्जन्यमापकाचीच आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात साठलेले पाणी मोजले जाते. भारतात वापरल्या जाणाऱ्या एका प्रमाणित मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते. त्यात पडलेले पाणी खरे, यात वाद नाही. वाद असतो तो आजूबाजूच्या मुलखाबद्दल.

हवामान विभागाच्या पुण्यातील कार्यालयाने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचा एक संच तयार केला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचासाठी देशभरातल्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. नकाशावर पाव अंशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला रोजचा एक आकडा दिला जातो. पाव अंश म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटर. कोल्हापूर शहर, जोतिबाचा डोंगर आणि गडमुडशिंगी एकाच चौकोनात मावतील, एवढा हा आकार आहे. अशा चौकोनाचे क्षेत्रफळ सातशे चौरस किलोमीटरच्या वर जाते. त्यात एकच मापक असेल, तर प्रत्यक्षात मोजले गेलेले क्षेत्र साडेतीन हजार कोटींत एक भाग इतके भरते. उरलेले अंदाजाने भरलेले असते.

तो अंदाज करण्याची रीत साधी आहे. जवळच्या केंद्राला जास्त वजन आणि लांबच्याला कमी वजन देऊन सरासरी काढतात. विदर्भाच्या सपाट मुलखात ही रीत चांगली चालते. सह्याद्रीत तिची अडचण होते. समजा एका बाजूला वीस किलोमीटरवर घाटमाथ्यावरचे केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर मैदानातले. मधल्या गावाला दोन्हींची सरासरी मिळेल. पण ते गाव डोंगराच्या आडोशाला असेल, तर खरा पाऊस मैदानातल्या आकड्याच्या जवळचा असतो. अंतर मोजणाऱ्या सूत्राला डोंगराचा आडोसा कळत नाही.

एकाच दिवशी, एकाच शहरात किती फरक पडू शकतो, हे २६ जुलै २००५ ला मुंबईने पाहिले. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यात ७३ मिलिमीटर. शहर तेच आणि दोन्ही नोंदी बिनचूक. त्या दिवशी फक्त कुलाब्याचे मापक चालू असते, तर कागदोपत्री मुंबईत मध्यम पाऊस झाला असता.

वेळेचाही एक घोळ आहे. भारतीय नोंदीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्या दिवसाची तारीख लावली जाते. बहुतेक जागतिक संचांचा दिवस ग्रीनिच वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे २२ जुलैच्या दुपारी कोसळलेला पाऊस आपल्या नोंदीत २३ तारखेला दिसतो आणि जागतिक संचात २२ तारखेला. महाबळेश्वरची २०२१ मधली ५९४ मिलिमीटरची नोंद अशीच २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांची आहे. दोन संचांची तुलना करताना ही गोष्ट नजरेआड झाली, तर दोन्ही संच बरोबर असूनही चुकीचे ठरतात.

वरून पाहणारे डोळे

मापक नाहीत तिथे उपग्रह कामी येतात. अमेरिका आणि जपान यांनी १९९७ मध्ये उष्णकटिबंधातला पाऊस मोजणारा उपग्रह सोडला. २०१४ मध्ये त्याची जागा जागतिक पर्जन्यमापन मोहिमेने घेतली. तिच्यावर आधारित संच दर अर्ध्या तासाला, साधारण ११ किलोमीटरच्या चौकोनांसाठी पावसाचा अंदाज देतो. भारताचे इन्सॅट मालिकेतले उपग्रहही ढगांच्या तापमानावरून पाऊस काढतात.

इथे 'मोजतात' पेक्षा 'काढतात' हा शब्द योग्य आहे. उपग्रह पाण्याचा थेंब मोजत नाही. अवरक्त किरणांत तो ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच, आणि जितका उंच तितका पाऊस जास्त, असे गृहीत धरले जाते. सूक्ष्मलहरींच्या संवेदकाला जमिनीवर पाऊस ओळखताना ढगातल्या बर्फकणांचा आधार घ्यावा लागतो. विदर्भात किंवा बंगालच्या उपसागरावर उभे राहणारे पंधरा किलोमीटर उंचीचे मेघ या दोन्ही रीतींनी नीट ओळखता येतात.

सह्याद्रीचा पाऊस मात्र वेगळ्या जातीचा आहे. घाटमाथ्यावरचे बरेचसे ढग बुटके असतात. वारा डोंगरावर चढत राहतो, ढग सतत भरत राहतो आणि त्यातून तासन्‌तास पाऊस पडत राहतो. या ढगांत बर्फ कमी, माथा कोमट. उपग्रहाच्या लेखी असा ढग फारसा बरसणारा नसतो. खाली मात्र दिवसाला दोनशे मिलिमीटरची नोंद होते. उपग्रहावरचे रडार थेंब पाहू शकते, पण डोंगराळ भागात जमिनीवरून येणाऱ्या परावर्तनामुळे खालचा काही थर त्याला दिसत नाही. नेमका तिथेच घाटातला पाऊस घडत असतो. पश्चिम घाटातला पाऊस उपग्रह कमी दाखवतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे, त्यामागचे कारण हेच. याच ढगांचा जवळून अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, महाबळेश्वरला मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली.

जागतिक संचाचे अंतिम आकडे जमिनीवरच्या मासिक नोंदींशी जुळवून दुरुस्त केले जातात. त्यामुळे महिन्याची बेरीज सुधारते. पण ही दुरुस्ती यायला काही महिने लागतात आणि ती पुन्हा जमिनीवरच्या मापकांवरच अवलंबून असते. पुराच्या रात्री हाताशी असतो तो दुरुस्त न झालेला आकडा.

वारा: समुद्रावर चोख, गावात अंधूक

पावसाची ही कथा, तर वाऱ्याची जवळजवळ उलटी. मोसमी वाऱ्यांचा मुख्य प्रवाह जमिनीपासून एक ते दीड किलोमीटर उंचीवर वाहतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून तो अरबी समुद्रावरून भारताच्या द्वीपकल्पावर येतो. द्वीपकल्पावरच्या या वेगवान प्रवाहाचे वर्णन पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये केले. आफ्रिकेकडचा त्याचा भाग फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिला. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मोसमी मोहिमेत जहाजे आणि विमाने वापरून तो बारकाईने मोजला गेला.

आज या वाऱ्याची नोंद बऱ्यापैकी भरवशाची आहे. फुगे दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडले जातात. प्रवासी विमाने उडता उडता वाऱ्याच्या नोंदी पाठवतात. समुद्राच्या पृष्ठभागावरचा वारा उपग्रह लाटांच्या खरखरीतपणावरून ओळखतात. भारताचे ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१ आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेलेला ओशनसॅट-३ हे याच कामाचे. शिवाय वारा हा पावसासारखा तुटक नसतो. दीड किलोमीटर उंचीवरचा प्रवाह शेकडो किलोमीटर सलग असतो. त्यामुळे थोड्या नोंदींवरून मोठे चित्र पुरे करता येते.

जमिनीलगतचा वारा मात्र वेगळा. डोंगराचा सोंड, दरी, उसाचा फड, इमारत या सगळ्यांनी तो वळतो, अडतो, जोर धरतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथला वारा मोजून. मोठ्या चौकोनाच्या सरासरीत तो कडा आणि खालची दरी एकत्र मिसळतात. कोल्हापूरच्या विमानतळाचेच उदाहरण घ्या. याच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीचीही जमीन संपादित झाली. इथली धावपट्टी पश्चिम-नैऋत्य ते पूर्व-ईशान्य अशी, म्हणजे बरीचशी पावसाळी वाऱ्याच्या रेषेत आहे. वाऱ्याची सर्वसाधारण दिशा कोणताही चांगला माहितीसंच बरोबर सांगेल. पण उतरणाऱ्या विमानाला त्या क्षणीचा झोत हवा असतो, आणि त्यासाठी धावपट्टीजवळचा वातमापकच लागतो.

वाऱ्याचा नीट अंदाज पावसासाठी महत्त्वाचा आहे. पश्चिमेचा वारा जोर धरतो तेव्हा घाटमाथ्यावर पाऊस वाढतो आणि तो मंदावतो तेव्हा घटतो. म्हणून घाटातल्या पावसाचा आकडा अंधूक असला, तरी वाऱ्याच्या बळावरून पुढच्या तीन-चार दिवसांचा रोख ओळखता येतो.

संगणकाने रचलेला भूतकाळ

संशोधनात सर्वाधिक वापरला जातो तो तिसरा प्रकार. त्याला पुनर्विश्लेषण म्हणतात. गेल्या अनेक दशकांतल्या हवेचा दाब, वारे, तापमान, आर्द्रता यांच्या नोंदी आणि उपग्रहांची माहिती एका आधुनिक प्रारूपात घालून वातावरणाची तासातासाची स्थिती नव्याने रचली जाते. युरोपीय केंद्राचा 'ईआरए-५' हा त्यातला सर्वांत परिचित संच. तो १९४० पासूनचे तासागणिक आकडे ३१ किलोमीटरच्या जाळीवर देतो. अमेरिका आणि जपानचेही असे संच आहेत. भारतासाठी नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने ब्रिटनच्या हवामान खात्यासोबत १२ किलोमीटरच्या जाळीचा, १९७९ पासूनचा खास संच तयार केला आहे.

या संचांतला वारा आणि दाब हे प्रत्यक्ष निरीक्षणांना बांधलेले असतात. पाऊस तसा नसतो. भारतातल्या मापकांत पडलेले पाणी 'ईआरए-५' मध्ये थेट घातले जात नाही. वारा आणि बाष्प पाहून प्रारूप स्वतः पाऊस पाडते. म्हणजे एकाच संचातले दोन रकाने वेगवेगळ्या योग्यतेचे असतात. वाऱ्याचा रकाना बऱ्याच अंशी निरीक्षण आहे, पावसाचा रकाना मात्र अनुमान. अशा संचांत हलका पाऊस प्रत्यक्षापेक्षा जास्त दिवस पडतो आणि एका दिवसाची अतिवृष्टी मात्र बोथट होते. हंगामाची बेरीज ठीक दिसते, पण तिच्या पोटातली वाटणी बदललेली असते. शेतीला आणि पुराला महत्त्व असते ते या वाटणीचेच.

जाळी जितकी विरळ, तितका सह्याद्री ठेंगणा. पुनर्विश्लेषणाच्या पहिल्या पिढीतले आकडे अडीच अंशांच्या चौकोनांत दिले जात. अशा एका चौकोनात गगनबावड्यापासून सोलापूरपर्यंतचा मुलूख बसू शकतो. तिथे घाट हा एक मंद चढ होतो. प्रारूपातला वारा त्यावरून अलगद जातो, घाटावर कमी पाणी टाकतो आणि उरलेले पूर्वेकडे नेतो. गगनबावडा त्यात कोरडा दिसतो आणि गडमुडशिंगी ओला. १२ किलोमीटरच्या जाळीत हा दोष बराच कमी होतो, पण संपत नाही.

भविष्याची प्रारूपे याच अडचणीतून जातात. जगभरातली हवामान प्रारूपे एकत्र पाहिली, तर मध्य भारतावर ती प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस दाखवतात. नव्या पिढीत सुधारणा झाली, तरी हा कल राहिला आहे. अनेक प्रारूपांत अरबी समुद्र प्रत्यक्षाहून थंड असतो आणि त्यामुळे बाष्पही कमी मिळते. आयआयटीएमचे प्रारूप हे या जागतिक तुलनेत उतरलेले भारताचे पहिले. पुढील दशकांत भारतातला मोसमी पाऊस आणि त्यातली अतिवृष्टी वाढेल, हा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा २०२१ चा निष्कर्ष भक्कम मानला जातो. कारण त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे: हवा एक अंशाने तापली, तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. पण त्या निष्कर्षावरून करवीर तालुक्यात २०५० मध्ये किती पाऊस पडेल, हे सांगता येत नाही.

अतिवृष्टी वाढली, हे कशावरून?

माहितीसंचांचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो तो बदलाच्या दाव्यांमध्ये. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. हे दोन्ही अभ्यास महत्त्वाचे आहेत आणि वारंवार उद्धृत होतात. मात्र त्यांतला 'मध्य भारत' ही नकाशावर आखलेली चौकट आहे. २००६ च्या अभ्यासातली चौकट पूर्व रेखांश ७४.५ अंशांपासून सुरू होते. कोल्हापूर त्या रेषेच्या किंचित पश्चिमेला, म्हणजे चौकटीबाहेर राहते. तो निष्कर्ष सह्याद्रीला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही.

हार्वर्ड विद्यापीठाच्या मरीना लिन आणि पीटर ह्युबर्स यांनी २०१९ मध्ये आणखी एक अवघड प्रश्न विचारला. नोंद देणाऱ्या केंद्रांची संख्या आणि सातत्य काळानुसार बदलत गेले असेल, तर अतिवृष्टीचा जो कल दिसतो त्यातला किती आभाळाचा आणि किती वहीचा? हवामान विभागाच्या संचातली ६,९५५ केंद्रे शतकभर रोज नोंद देत होती, असे नाही. काही उघडली, काही बंद पडली. एखादे दशक दाट मापकांचे, तर एखादे विरळ. चौकोनात एक मापक असताना तीनशे मिलिमीटरचा तडाखा त्यात तसाच उतरतो. तिथेच चार मापक आले की सरासरीत तो तडाखा बोथट होतो. मापक वाढले तरी कल बदलतो आणि कमी झाले तरी बदलतो.

याचा अर्थ अतिवृष्टी वाढली नाही, असा होत नाही. समुद्र तापला आहे, हवेतले बाष्प वाढले आहे आणि भौतिकशास्त्र त्याच दिशेला बोट दाखवते. याचा अर्थ इतकाच, की 'तिप्पट' किंवा 'दीडपट' असा नेमका आकडा उच्चारण्यापूर्वी तो कोणत्या भागाचा, कोणत्या काळाचा आणि कोणत्या मापकांचा हे विचारले पाहिजे.

आकडा चुकला तर

हा वाद प्रयोगशाळेत राहत नाही, तो थेट सातबाऱ्यापर्यंत येतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी धरली जाते आणि पुढे पंचनामे, मदत यांची चाके फिरतात. राज्याने 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. तालुक्याच्या एका मापकाच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. तरी एका मंडळात अनेक गावे येतात. मंडळाच्या केंद्रावर ६० मिलिमीटर आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारात ९० अशी स्थिती आली, तर नुकसान शेतात असते आणि नोंद कोरडी. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या 'विंड्स' या योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याचा हेतू याच तुटीवर उपाय हा आहे.

पुराचे राजकारणही याच आकड्यांवर फिरते. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या हालचालींना कोल्हापूर-सांगलीत तीव्र विरोध आहे. फुगवट्याचा परिणाम इथवर येतो की नाही, यावर तज्ज्ञांत आणि जनतेत मतभेद आहेत. कोणाचीही बाजू खरी ठरवायची असली, तरी सुरुवात एकाच प्रश्नाने होते: पाणलोटात कोणत्या तासाला किती पाऊस पडला? घाटमाथ्यावरचा पाऊस तासातासाने आणि पुरेशा ठिकाणी मोजलेला नसेल, तर त्यावर उभी राहणारी सगळी गणिते वाऱ्यावर राहतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात ते धरणातली पातळी पाहून. ती पातळी वाढण्याआधी काही तास सावध व्हायचे, तर धरणाच्या वरच्या डोंगरातला पाऊस आधी कळावा लागतो.

आरोग्याचेही तसेच. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या डेंग्यूवर अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला १५० मिलिमीटरपर्यंतचा मध्यम, पसरलेला पाऊस डेंग्यूला पोषक ठरतो, तर त्याहून जोराचा पाऊस डासांची अंडी-अळ्या धुऊन नेतो, असे त्यात दिसले. अशा मर्यादेवर पूर्वसूचना बेतायची तर आठवड्याचा पाऊस १२० होता की १८०, हे नक्की ठाऊक हवे. हलका पाऊस वाढवून आणि जोराचा बोथट करून दाखवणारा संच इथे नेमकी उलटी सूचना देऊ शकतो. पुण्यातली मर्यादा कोल्हापूरला लागू होईलच असे नाही. ती तपासायलाही इथलाच आकडा लागेल.

कोणता आकडा कशासाठी

या सगळ्यातून सामान्य वाचकाच्या उपयोगाच्या काही गोष्टी निघतात. देशाचा किंवा राज्याचा हंगामी पाऊस किती, यासाठी हवामान विभागाचा संच भरवशाचा आहे. सरासरी म्हणजे काय हेही लक्षात ठेवावे: सध्याची ८७ सेंटिमीटरची देशाची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढली आहे. मोसमी वाऱ्यांचा जोर, त्यांचे आगमन, खंडाचे दिवस हे पाहायला पुनर्विश्लेषण उत्तम. मापक नसलेल्या समुद्रावर आणि जंगलात उपग्रहाला पर्याय नाही. पण एका गावात एका दिवशी किती पाऊस झाला, यासाठी जवळच्या मापकाचीच नोंद धरावी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये गावाचे नाव टाकल्यावर दिसणारा पाऊस बहुधा कुठल्यातरी चौकोनाचा असतो, गावाचा नव्हे.

सुधारणाही होत आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने दोन हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली. त्यात रडार आणि निरीक्षणांचे जाळे वाढवण्यावर भर आहे. त्याच महिन्यात पुण्याच्या आयआयटीएममध्ये 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. सहा किलोमीटरमध्ये घाटाचा कडा प्रथमच कड्यासारखा दिसू लागतो.

तरी संगणक कितीही मोठा झाला, तरी त्याचे उत्तर बरोबर की चूक हे अखेर मापकच ठरवतो. बारीक जाळी तपासायला दाट मापक लागतात. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे पावसाळ्यात रस्ते बंद होतात, वीज जाते आणि यंत्रांना बुरशी धरते, तिथेच ते सर्वांत विरळ आहेत. केंद्र बसवल्याची बातमी होते, पण ते पाच वर्षांनीही अचूक मोजते का, जाळी पालापाचोळ्याने तुंबली तर नाही ना, शेजारचे झाड वाढून आडोसा झाला तर नाही ना, हे कोण पाहतो यावर आकड्याची किंमत ठरते. साध्या मापकाच्या शेजारी स्वयंचलित केंद्र ठेवून दोन्ही नोंदी ताडून पाहण्याचे काम शाळा, साखर कारखाने आणि ग्रामपंचायतीही करू शकतात. त्याला फार पैसा लागत नाही, रोज सकाळी साडेआठला हजर राहणारा माणूस लागतो.

गडमुडशिंगीपुरते बोलायचे तर गावाला दोन आकडे हवेत: एक आपल्या शिवारातला, पिकासाठी आणि विम्यासाठी, दुसरा ५०-६० किलोमीटरवरच्या डोंगरातला, पुरासाठी. आज पहिला मंडळाच्या केंद्रावरून अंदाजाने घ्यावा लागतो आणि दुसरा मोजक्या मापकांवरून. देशाच्या १०८ टक्क्यांत या दोन्हींपैकी एकही आकडा नाही.